लिलावातली जीप आणि बाबांची अट

दादाच्या तेराव्याला जी माणसं आली, ती सुरुवातीला खालच्या आवाजात बोलत होती. मग कुणीतरी जीपची आठवण काढली आणि एकाला हसू फुटलं. त्याने घाईने रुमालात तोंड लपवलं. थोड्या वेळाने दुसऱ्याला फुटलं. शेवटी वहिनीच आतून म्हणाली, "हसा हो, खुशाल हसा. त्यांना चाललं असतं." मग ज्याने त्याने जीपची आपापली गोष्ट सांगितली आणि बहुतेक सगळ्या थोड्याथोड्या चुकीच्या होत्या. नदीची गोष्ट तर तिघांनी सांगितली, आणि त्या तिघांतला एकही जण तिथे नव्हता. मी होते. पण मला चारचौघांत बोलणं जमत नाही. म्हणून आता, चार महिन्यांनी, लिहायला बसले आहे.

आम्ही तेव्हा डोंबिवलीला राहत होतो. खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कौलारू घर, पुढे उंच ओटा, बाजूला विहीर आणि मागे बरीच मोकळी जागा. बाबा ठाण्याच्या कोर्टात नाझर होते. समन्स पोचलं की नाही, जप्ती नीट झाली की नाही, हे पाहण्यात त्यांची तीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या अधिकारक्षेत्रात आम्ही तिघंच उरलो: आई, दादा आणि मी. मी मॅट्रिक होऊन कल्याणला मुलींच्या शाळेत शिकवत होते. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो फिटरचं काम शिकला होता, एका कारखान्यात लागला होता आणि तिथल्या मुकादमाशी भांडून घरी परत आला होता.

लढाई संपली आणि कल्याणच्या लष्करी छावणीतलं सामान लिलावात निघालं. तंबू, कांबळी, बूट, बादल्या. डोंबिवलीतल्या निम्म्या घरांत तेव्हा एक तरी हिरवी लष्करी बादली होती. आपल्याकडेही असावी, म्हणून आईने दादाला लिलावाला पाठवलं. तो दुपारी उशिरा परत आला. पुढे दोन बैल, त्यांच्या मागे बैलगाडी, बैलगाडीला दोराने बांधलेली एक जीप, आणि जीपमध्ये स्टिअरिंग धरून अत्यंत गंभीर चेहऱ्याने बसलेला दादा. आजोबांनी त्याच्या नावाने ठेवलेले पैसे त्यात गेले होते. ते त्याचेच होते, त्यामुळे तेवढ्या एका बाबतीत बाबांना बोलायला जागा नव्हती.

बाबा ओट्यावरून खाली उतरले. जीपभोवती एक फेरी मारली.

"यातले बैल आपले का?" त्यांनी विचारलं.

"नाही, भाड्याचे."

"मग चालणारं असं आपण काहीच घेतलेलं नाही."

बादलीही आणली होती. जीपच्या मागच्या बाजूला ठेवलेली होती. हे आई पुढे कैक वर्षं दादाची बाजू घेताना सांगत असे.

जीपबरोबर एक पुस्तक मिळालं होतं. जाड, इंग्रजी, कव्हर नाही, सुरुवातीची दहाबारा पानं गायब आणि उरलेल्यांवर कुणा सैनिकाच्या कपाचे गोल डाग. दादाचं इंग्रजी बेताचं, आणि ग्रीसने भरलेल्या हातांनी त्याला पान उलटता येत नसे. म्हणून असं ठरलं की रविवारी सकाळी मी विहिरीच्या कट्ट्यावर बसून वाचायचं आणि मराठीत सांगायचं, दादाने गाडीखाली पडून ऐकायचं आणि तसं करायचं.

आमच्या घरात बाबांचा नियम होता की पोथी सुरू केली की अध्याय संपल्याशिवाय उठायचं नाही. ही काही पोथी नव्हती. पण वाचन होतं, मोठ्याने होतं आणि सकाळी आंघोळ करून होतं, त्यामुळे आईच्या मते नियम लागू होता. क्लचचं प्रकरण चालू असताना दूध उतू गेलं तरी तिने मला हाक मारली नाही. एकदा शेजारच्या काकू कुंपणापाशी थांबल्या, डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि आईला हळूच विचारलं, "कितवा अध्याय चाललाय?"

"ब्रेकांचा," आई म्हणाली.

काकू तरीही पाच मिनिटं थांबल्या. जाताना म्हणाल्या, "वाचते मात्र छान हो तुमची."

मी पुस्तकावर जरा जास्तच विश्वास ठेवत असे. तेल तपासण्यापूर्वी गाडी पूर्ण सपाट जागी उभी करावी, असं त्यात लिहिलं होतं. आमचं परसू विहिरीकडे उतरतं होतं. दादा म्हणाला, "चालतंय गं एवढं." मी म्हटलं, "मग पुढचं वाचणार नाही." त्या रविवारी आम्ही दोघांनी कुदळ-फावडं घेऊन परसातली गाडीएवढी जागा खणून सपाट केली. परातीत पाणी घालून ती सपाट झाल्याची खात्री केली. संध्याकाळी गाडी ढकलत तिथे आणली, दादाने तेलाची पट्टी बाहेर काढली आणि ती कोरडी ठणठणीत निघाली. गाडीत तेल नव्हतंच.

"बरं झालं सपाट केलंस," दादा म्हणाला. "नाहीतर नसलेलं तेल तिरकं दिसलं असतं."

सुटे भाग कल्याण कॅम्पात मिळत. छावणीच्या बराकींमध्ये तोवर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहायला आली होती आणि त्यांच्यातल्या एका वयस्कर गृहस्थाने लष्करी भंगाराचं दुकान मांडलं होतं. त्याने जन्मभर कापड विकलं होतं. गाड्यांतलं त्याला काही कळत नसे आणि तो ते लपवतही नसे. "बेटी, नाम मत बताओ, शकल दिखाओ," तो म्हणे. मी पुस्तकातलं चित्र दाखवी. तो ते दूर धरून बघे, मग जवळ धरून बघे, मग ढिगात कोपरापर्यंत हात घालून नेमकी तीच वस्तू काढी आणि शालूची घडी उलगडावी तशी फळीवर अलगद ठेवी. आम्हाला तिथे एकदाही चुकीची वस्तू मिळाली नाही. गाड्यांतलं कळणाऱ्या दुकानदारांकडे मात्र दोनदा मिळाली.

वर्षभराने इंजिन सुरू झालं. हँडल मारताना अंगठा दांड्याला वेढून धरायचा नाही, सगळी बोटं एकाच बाजूला ठेवायची, नाहीतर उलटा झटका बसून अंगठा मोडतो, हे मी दादाला वाचून दाखवलं होतं. दादाने ते बरोबर पाळलं. बाबांनी आम्हाला न विचारता एकदा हँडल मारून बघितलं आणि तीन आठवडे डाव्या हाताने जेवले. त्याबद्दल घरात कुणी काही बोललं नाही. बोलायची परवानगी नव्हती.

जीपला गिअरच्या दांडीशेजारी आणखी दोन लहान दांड्या होत्या. एक पुढची चाकंही इंजिनाला जोडायची, दुसरी गाडीची चाल कमी करून जोर वाढवायची. त्या चिखलात आणि वाळूतच वापराव्यात, असं पुस्तकात होतं. पण ते पान आम्ही ओलांडलं होतं, कारण आमच्याकडे तेव्हा चिखल नव्हता. पहिला आठवडाभर दादा पुढची चाकं जोडलेली ठेवूनच कल्याणच्या रस्त्यावर गाडी चालवत राहिला. वळवताना स्टिअरिंग दगडासारखं लागे. "फौजेची गाडी आहे," तो दंड चोळत सांगे, "फौजेत माणसंच तशी असतात." टायर भराभर झिजू लागले तेव्हा मी मागे जाऊन ते पान शोधलं.

मग सुधारणा सुरू झाल्या. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे वजनाने दबत, म्हणून दादाने कल्याणला टांग्यांचे पाटे घडवणाऱ्या लोहाराकडून एकेक जादा पाटा बसवून घेतला. त्यानंतर जीप टांग्यासारखीच उसळू लागली. आई म्हणे, घोडा तेवढा राहिला. चिखलात चाकं फिरू नयेत म्हणून टायरांना काथ्याचा जाड दोर गुंडाळायची युक्ती निघाली. ती ठाकुर्लीकडच्या भातखाचरांत तपासून झाली. आणि शेवटी नळी आली.

खोल पाण्यात इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढलं तर ते मरतं. म्हणून हवा वरून घ्यायची. आमच्या माळ्यावर तांब्याचा एक जुना बंब होता. सहा वर्षांपूर्वी तो गळायला लागला होता आणि दर दिवाळीला बाबा तो दुरुस्त करून आणणार होते. दादाने तो तांबटाकडे नेला, मधली धुराची नळी कापून घेतली, सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि तार लावून ती इंजिनाला जोडली आणि काचेच्या बाजूने उभी वर नेली. तांबं घासून लख्ख केलं.

बाबांनी नळीकडे पाहिलं. "हा आपला बंब."

"होता," दादा म्हणाला.

"या दिवाळीला मी तो दुरुस्त करणार होतो."

"झाला की दुरुस्त. आता गळत नाही."

हे सगळं बाबांनी फार दिवस चालू दिलं असतं असं नाही. त्या वर्षी पावसाळा संपताना रेल्वेच्या वर्कशॉपातून दादाला चिठ्ठी आली. दिवाळीनंतर मुलाखत होती. त्यासाठी बाबा ठाण्यातल्या जुन्या ओळखीच्या तीन माणसांच्या घरांच्या पायऱ्या चढले होते, आणि त्यांचे गुडघे तेव्हा फार दुखत होते. चिठ्ठी त्यांनी दादाच्या ताटाशेजारी ठेवली.

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग जेवण बाजूला सारून बोलू लागला. रस्ता जिथे संपतो तिथून पुढे शेकडो गावं आहेत, तिथे त्याला गाडी चालवायची आहे. डॉक्टर न्यायचा, अडलेली बाळंतीण आणायची, बियाणं न्यायचं, मास्तर न्यायचा. मुरबाडकडच्या दोन गावांनी त्याला विचारलंही आहे. दादाला एका दमात इतकं बोलताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

"रस्ता संपतो तिथे गाडी संपते," बाबा म्हणाले. "म्हणून तर त्याला रस्ता म्हणतात."

"ही नाही संपत."

"असं? सिद्ध कर."

काळू नदीपलीकडे एका खेड्यात बाबांची थोरली बहीण राहत होती, आमची आत्या. दर दसऱ्याला बाबा तिला सोनं द्यायला जात. आगगाडी, मग बैलगाडी, मग चालत, मग नदी. गुडघ्यांमुळे गेली दोन वर्षं त्यांना जाता आलं नव्हतं. दोन्ही वर्षी त्यांनी आपट्याची पानं पाकिटात घालून पोस्टाने पाठवली होती आणि दोन्ही वर्षी आत्याचं उलट टपाली उत्तर आलं होतं, की माझा भाऊ कोण, तू का पोस्टमन.

"दसऱ्याला मला ताईकडे न्यायचं," बाबा म्हणाले. "आपल्या ओट्यावरून मी गाडीत बसणार, आणि तिच्या दाराच्या पायरीवर उतरणार. मधे कुठेही माझा पाय जमिनीला लागता कामा नये. लागला, तर गाडी विकायची आणि मुलाखतीला जायचं. नाही लागला, तर मी त्या नोकरीचं नाव काढणार नाही."

"पाय म्हणजे चप्पल घातलेला धरायचा का?"

"चपलेसकट."

"अहो, आणि वाटेत मोकळं व्हायला जावं लागलं तर?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

बाबांनी विचार केला. "नैसर्गिक गरज वगळून," ते म्हणाले. मग तीस वर्षांच्या सवयीने पुढे जोडलं, "तीही एकदाच." माझ्याकडे बोट करून म्हणाले, "साक्षीदार ही."

दादाने मान डोलावली. त्या रात्री तो जेवला नाही.

नवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होई. हत्यारं म्हणजे बाबांचा टाक आणि दौत, आईची विळी, माझं पेन, दादाचे पाने. पूजा झाल्यावर बाबा उरलेली झेंडूची माळ हातात घेऊन परसात गेले. आम्ही बघत राहिलो. त्यांनी जीपला हळदकुंकू लावलं. "गाडीशी माझा वाद नाही," ते आमच्याकडे न बघता म्हणाले, "गाडी घेणाऱ्याशी आहे." मग माळ कुठे घालावी म्हणून त्यांनी गाडी वरून खाली न्याहाळली. सगळ्यात उंच आणि सगळ्यात चकचकीत बंबाची नळीच होती. देवळाच्या कळसाला घालावी तशी त्यांनी त्या नळीच्या तोंडाला माळ घातली, आणि वाऱ्याने पडू नये म्हणून तिचं एक टोक आत खोचलं.

आम्हा दोघांनाही ते फार बरं वाटलं. इतकं की दुसऱ्या दिवशी निघताना ती माळ काढावी, हे दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. आणि माझ्या पुस्तकात झेंडूविषयी काहीच नव्हतं.

दसऱ्याला सकाळी दादाने जीप मागे घेत घेत ओट्याला लावली आणि बाबा ओट्यावरून थेट गाडीत बसले. जीपचं स्टिअरिंग डावीकडे होतं, त्यामुळे बाबा आले उजवीकडे, जिथे इतर गाड्यांत चालवणारा बसतो. काळी टोपी, उपरणं, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी. कल्याणच्या नाक्यावरचे लोक एका म्हाताऱ्याला हाताची घडी घालून गाडी चालवताना बघत उभे राहिले. एकाने सलाम केला. बाबांनी तो घेतला.

मुरबाडच्या रस्त्याने बरंच गेल्यावर आम्ही डावीकडे गाडीवाटेला लागलो. दोन्हीकडे भात कापणीला आलेलं. टांग्याच्या पाट्यांनी आपलं काम केलं. दर खड्ड्याला बाबा वीतभर वर जात आणि टोपी धरून खाली येत. "पाय वर गेलेला चालतो का?" दादाने विचारलं. "समोर बघ," बाबा म्हणाले. पण ते रागावलेले नव्हते. नदी दिसली तेव्हा ते पुढे झुकून बसले होते.

बैलगाड्या जिथून नदी ओलांडत, त्या उतारावर पाणी मांडीएवढं होतं. दादाने गाडी काठावर थांबवली. मी पुस्तक उघडून वाचू लागले आणि तो करू लागला. पंख्याचा पट्टा काढला, म्हणजे पंखा इंजिनावर पाणी उडवणार नाही. तारांवर ग्रीस लावलं. चाकांना काथ्या गुंडाळला. दोन्ही लहान दांड्या ओढल्या.

"हे सगळं दर नदीला करायचं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मग होडी का नाही घेतलीस?"

गाडी पाण्यात शिरली. चाल इतकी हळू होती की शेजारून पाण्यात चालणारी म्हैस पुढे निघून गेली. पण गाडी जात होती. पाणी पायाखालच्या पत्र्यावर आलं, बाबांनी पाय उचलून समोरच्या फळीला टेकवले. निम्म्याहून जास्त नदी ओलांडली होती. दादाने जोर वाढवला आणि इंजिनाला ठसका लागला. मागून काळा धूर आला. आणखी एक ठसका, आणि सगळं शांत झालं. फक्त पाण्याचा आवाज.

दादा खाली उतरला आणि बॉनेट उघडलं. मलाही कसली अट नव्हती, म्हणून मी पदर खोचून, पुस्तक डोक्यावर धरून उतरले. इंजिन अचानक बंद पडण्याची अकरा कारणं पुस्तकात दिली होती. मी एकेक मोठ्याने वाचत गेले. दादा एकेक तपासत गेला. पेट्रोल येतंय. ठिणगी पडतेय. तारा कोरड्या. आठव्या कारणापर्यंत आलो तेव्हा मला जाणवलं की गाडीपेक्षा मी उंच झाले आहे. चाकांखालची वाळू पाणी ओढून नेत होतं आणि जीप हळूहळू खचत होती. पाणी बाबांच्या बैठकीला लागलं होतं. त्यांनी पिशवी डोक्यावर घेतली.

काठावर म्हशी धुणारा एक दांडगा गावकरी हे सगळं बराच वेळ बघत होता. तो पाण्यातून आमच्यापाशी आला.

"म्हातारबाबा, उतरा न खाली. गारी हलकी व्हईल."

"मी उतरणार नाही," बाबा म्हणाले.

"मंग माझ्या खांद्यावं बसा. पाय भिजू देत नाय."

"पाय भिजायचा प्रश्न नाही. पाय कशाला लागतो हा प्रश्न आहे."

गावकऱ्याने दादाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पानी लागलं तं चालतंय?"

बाबांनी क्षणभर विचार केला. "पाण्याचा उल्लेख अटीत नाही."

दादा बॉनेट सोडून त्यांच्याजवळ आला. कमरेपर्यंत भिजलेला, तोंडाला ग्रीस. "बाबा, पुरे झालं. उतरा. मी पाठीवर घेतो. गाडी खचतेय."

"उतरलो तर काय होईल?"

"वजन कमी होईल, मग ढकलता येईल."

"ते नाही विचारत मी."

दादाने तोंडावरचं ग्रीस बाहीने पुसलं.

"उतरलो तर तू मुलाखतीला जाशील," बाबा म्हणाले. "ठरलंय ना तसं?"

"ठरलंय."

"मग मी बसलोय. तू तुझं काम कर."

आणि धोतर पाण्यात, पाय फळीवर, डोक्यावर सोन्याची पिशवी धरून ते समोरच्या काठाकडे बघत बसून राहिले. ही अट त्यांनी जिंकण्यासाठी घातली आहे असं आम्ही सगळे महिनाभर समजत होतो. गावकरी म्हणाला, "बेस हाय म्हातारा," आणि त्याने येऊन गाडीला खांदा लावला.

मी नववं कारण वाचलं. हवेचा मार्ग बंद होणं. दादाने बंबाच्या नळीच्या तोंडाला हात लावला. माळ तिथे नव्हती. त्याने खालची ट्यूब सोडवली, आत दोन बोटं घातली, आणि त्याचा चेहरा बदलला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग एका दमात भिजलेल्या झेंडूचा मुठीएवढा बोळा बाहेर ओढला आणि कुणाला दिसायच्या आत पाण्याखाली सोडून दिला.

पण नदी वाहती होती. बोळा सुटा झाला आणि केशरी पाकळ्या वर आल्या, एकामागून एक, आणि नेमक्या बाबांच्या बाजूने, त्यांच्या मांडीजवळून जाऊ लागल्या. बाबा त्या बघत होते.

"झेंडू आहे," ते म्हणाले.

"वरच्या गावात कुणी निर्माल्य सोडलं असेल," दादा बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला.

बाबांनी शेवटची पाकळी जाऊ दिली. "असेल," ते म्हणाले.

दादाने ट्यूब बसवली, पाण्यात वाकून हँडल मारलं. तिसऱ्या खेपेला इंजिन धरलं. मी आणि गावकरी मागून ढकलू लागलो. चारही चाकं एकदम फिरली, काथ्याने वाळू धरली, जीप जागच्या जागी दोनदा हलली आणि एखादी म्हैस उठावी तशी पाण्यातून उठून काठावर चढली. गावकऱ्याला दादाने मिठी मारली. तो म्हणाला, "पुढल्या वक्ताला म्हातारबाबाला घरी ठेवा. लई जड हायती."

दादाने पंख्याचा पट्टा परत बसवला आणि गाडी पुन्हा वाटेला लागली. बाबांच्या धोतरातून पाणी टपकत होतं.

"त्या नळीच्या तोंडाला जाळी हवी," बाबा समोर बघत म्हणाले.

"बसवतो," दादा म्हणाला.

आत्याच्या दारापुढे तीन पायऱ्या होत्या. दादाने जीप वळवून, मागे-पुढे करून, अगदी पायरीला भिडवली. आत्या बाहेर आली. ती आता पार वाकली होती. डोळ्यांवर हात धरून तिने आधी गाडी पाहिली, मग भाऊ.

"अरे, उतर की. आरती ओवाळायची वाट बघतोयस?"

बाबांनी पाय पायरीवर ठेवला. मग माझ्याकडे वळून पाहिलं. मी साक्षीदार म्हणून मान हलवली.

"आणि धोतर कशाने भिजलं?" आत्याने विचारलं.

"नदीत बसलो होतो."

"बसायला नदीच मिळाली? घरं बांधलीयत माणसांनी." तिने त्यांची पाठ चाचपली. बाबा तिच्या पाया पडले आणि आपट्याची पानं तिच्या हातात दिली. ती कोरडी होती. आत्याने ती डोळ्यांना लावली आणि थोडा वेळ तशीच धरून ठेवली.

मग ओटीवर बसून आम्ही गूळपाणी घेतलं. आत्याने आमच्या चौकश्या सुरू केल्या. आईचा दमा, माझं लग्न, आणि दादाकडे बघून, "याचं लागलं का कुठे? का अजून घरीच?"

दादा पायरीवर बसला होता. त्याने भांडं खाली ठेवलं.

"लागलं," बाबा म्हणाले.

"कुठे?"

बाबांनी हनुवटीने जीपकडे दाखवलं. "ते. रस्ता नाही तिथे जायचं काम आहे. लोकांना लागतं."

"बरं झालं," आत्या म्हणाली. "म्हणजे तू दर दसऱ्याला येशील."

दादा उठला आणि हात धुवून येतो म्हणून विहिरीकडे गेला. आत्या गावातल्या गोष्टी सांगू लागली. कोण गेलं, कुणाचं शेत कुणी घेतलं. बराच वेळ झाला. बाबांनी दोनदा विहिरीच्या दिशेने पाहिलं.

"बघ गं," ते मला म्हणाले, "त्याला पोहरा सापडला का."

मी घराला वळसा घालून गेले. पोहरा भरून विहिरीच्या काठावर ठेवलेला होता. दादा दोर हातात धरून, माझ्याकडे पाठ करून उभा होता. त्याचे हात तसेच काळे होते. मी थोडा वेळ थांबले. मग हाक न मारता मागे फिरले.

"सापडलाय," मी बाबांना सांगितलं. "धुतोय हात."